फळी सरकली, पण मशीनला कळलं का?

आजच्या भागात कोड नाही, अ‍ॅप नाही. आज लाकूड. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी सगळं इथे लिहून देतोय.

आमच्या भिंगारच्या जुन्या घराचं सागवानी दार बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. आजी म्हणाली, "त्याची पाटी कर, तुझ्या आजोबांच्या नावाची." दारातून दोनच चांगल्या फळ्या निघाल्या. माझ्याकडे घरगुती कोरीवकामाची मशीन आहे. नाव टाईप केलं, फळी लावली, बटण दाबलं. तासाभराने बघतो तर शेवटची दोन अक्षरं रबरासारखी ताणलेली! आजी काही बोलली नाही. तेच जास्त लागलं. आता हातात एकच फळी उरली होती.

आधी मशीन समजून घेऊ. बऱ्याच सीएनसी मशीनमध्ये फळी टेबलाला पक्की बांधतात आणि कटर सगळीकडे फिरतो. माझ्या प्रकारच्या मशीनमध्ये कटर फक्त आडवा आणि वर-खाली जातो. लांबीच्या दिशेने फळीच पुढे-मागे सरकते, प्रिंटरमधल्या कागदासारखी. वरून रोलर दाबतात, खालून खरखरीत पट्टे ओढतात. शिवाय फळीखाली एक छोटं मोजणीचं चाक असतं. फळी किती सरकली, हे मशीनला त्या चाकावरूनच कळतं.

म्हणून बिघाड दोन प्रकारचे.

पहिला: पट्टे फिरतात, पण फळी जागची हलत नाही. मोजणीचं चाक थांबलेलं असतं, त्यामुळे मशीन एरर दाखवून थांबते. इथे पकड कमी पडतेय.

दुसरा: फळी सरकते, पण चाक पूर्ण फिरत नाही. मशीनला वाटतं, अजून पोचलो नाही, म्हणून ती फळी आणखी ढकलते. एरर येत नाही आणि अक्षरं ताणली जातात. माझं हेच झालं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम क्रॅश झाला तर बरं. चुकीचं उत्तर देऊन शांत बसला तर वाट लागते.

आता तपासणी. आधी प्लग काढा, मग स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात करा.

१. भुसा. मोजणीचं चाक बोटाने फिरवून बघा. अडखळलं तर पेंटब्रशने साफ करा. पट्टेही पुसा. जुन्या लाकडावरचं तेल, मेण, पॉलिश पट्ट्यांना चिकटतं आणि ते गुळगुळीत होतात.

२. फळीचा बाक. सपाट फरशीवर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगली तर तिला बाक किंवा पीळ आहे. मधोमध बाक असेल तर फळी चाकाला टेकतच नाही. माझ्या दाराच्या फळीत नेमकं हेच होतं.

३. कडा. दोन्ही कडा सरळ आणि समांतर हव्यात. दोन्ही टोकांना रुंदी मोजा. एकीकडे जास्त भरली तर फळी अडकते, कमी भरली तर तिरकी जाते.

४. दाब. फळीच्या जागी वजनकाटा ठेवून वरचा भाग खाली आणा. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत ८० पौंड, म्हणजे साधारण ३६ किलो दिलंय. तुमच्या पुस्तिकेतला आकडा बघा.

५. लांबी आणि आधार. फळी कायम दोन्ही रोलरखाली राहिली पाहिजे, म्हणून डिझाइनपेक्षा ती दोन्ही टोकांना लांब हवी. लांब फळीचं बाहेर आलेलं टोक लोंबकळू देऊ नका, खाली स्टूल लावा.

६. रंग. कड ओळखणारा सेन्सर प्रकाशावर चालतो. शिसवीसारख्या गडद लाकडावर तो गोंधळू शकतो. तिथे फिकट मास्किंग टेप लावा.

मग चाचणी, तीही रद्दी फळीवर. पेन्सिलने खूण करा, कटर न चालवता फळी काही वेळा पुढे-मागे न्या, आणि त्याच ठिकाणी परत आणायला सांगा. खूण जागेवर आली तर पुढे जा. नाहीतर थांबा. चालू मशीनमध्ये फळी हाताने ढकलायची नाही, कधीच नाही.

दुसऱ्या फळीसाठी मी एक युक्ती केली. लोहचुंबक फिरवून आधी जुने खिळे शोधून काढले. मग सपाट एमडीएफचा लांब तुकडा घेतला आणि सागवानी फळी डबल टेपने त्यावर चिकटवली. बाकामुळे जिथे फट राहिली तिथे पातळ पाचरी घातल्या. दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या लावल्या. आता चाकाला एमडीएफचा सपाट तळ मिळाला, रोलरला पट्ट्या मिळाल्या, आणि जास्तीची लांबी एमडीएफनेच दिली. जुनं लाकूड अजिबात वाया गेलं नाही.

पाटी दारावर लागली. आजीने चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं आणि विचारलं, "त्या पहिल्या फळीचं काय केलंस?"

ठेवलीय. आता ती माझी चाचणीची फळी आहे.

तुमची मशीन कुठे अडते ते कळवा. भेटू पुढच्या भागात!