आधी सील, मग रंग

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९९६ पर्यंत बनलेल्या येझदी आजही कुठे कुठे अंगणात ताडपत्रीखाली उभ्या दिसतात. अशी गाडी घरी दुरुस्तीला घेतली, की पहिला मोह होतो तो रंगाचा. मंडळी, तो आवरा.

ही टू-स्ट्रोक गाडी. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, मग सिलिंडरमध्ये जातं. म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील घट्ट हवीत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ती कडक होतात, चिरतात. जादा हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. वेगात असताना हे झालं, तर मागचं चाक अडकून स्वार पडतो. उभ्या गाडीची रेस आपोआप चढू लागली, तर आधी सीलवरच संशय घ्या.

इंजिन खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. सुटे भाग चिठ्ठ्या लावून ठेवा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरू नका.

सीट, हँडल, रंग ही हौस शेवटी. चासी कापून मूळ रचना मात्र बदलू नका. कायद्याला ते मंजूर नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तोच निर्वाळा दिला आहे.