कोल्हापूरचा समुद्र

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्राँझचा एक वीतभर पोसायडन उभा आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत मिळाला. लहानपणी त्याला पाहून मला एकच प्रश्न पडे, हा इथवर आला कसा?

उत्तराच्या नादात मी एकदा गगनबावड्याहून करूळ घाट उतरलो. माथ्यावरचं पूर्वेचं पाणी पंचगंगेतून कृष्णेला आणि पुढं बंगालच्या उपसागराला जातं. पश्चिमेचं मात्र थेट कोकणात उडी घेतं. तळेऱ्याच्या तिठ्यावरून उजवीकडे वळलं की थोड्याच वेळात खारेपाटण येतं.

नावातच खार आहे. समुद्र इथून पंचवीस मैलांवर, तरी विजयदुर्गच्या खाडीची भरती इथवर चढते. काठावरचा तांडेल मला हसला. म्हणाला, "घाटावरच्यांका पाणी खाली जाताना दिसता. हंयसर तां दिवसातना दोनदा परत येता."

या परत येणाऱ्या पाण्यावरच गलबतं आत येत. खारेपाटणला सापडलेल्या, शके ९३० म्हणजे इसवी सन १००८ च्या ताम्रपटात शिलाहार राजा रट्टराज देवळाला दान देतो, तेही जहाजांच्या जकातीतून! परदेशाहून आलेल्या गलबतामागे एक सुवर्ण गद्याण. चौल आणि गोव्यातल्या चांदोरच्या गलबतांना माफी. हा ताम्रपट प्रथम वाचून छापणारे बाळशास्त्री जांभेकर याच मुलखातले, पोंभुर्ल्याचे.

मुखाशी विजयदुर्ग. तो कोल्हापूर-पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोजानं बांधला असं मानतात. म्हणजे घाटावरच्या राजालाही खाडीचं तोंड आपल्या हाती हवं होतं. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. पुढं आंग्र्यांच्या काळात गिर्ये इथं खडक खोदून गोदी झाली, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजींचं आरमार याच पाण्यात जळालं. वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून आले होते, पण पेशव्यांची फौज जमिनीवरून त्यांच्या जोडीला होती. आपल्याच माणसांनी आपलं आरमार बुडवायला हात लावला, हे मला आजही पचत नाही.

खारेपाटणचं बंदर मात्र तोफांनी गेलं नाही. पावसाळ्यामागून पावसाळा गाळ येत राहिला, पात्र उथळ झालं, मोठी गलबतं खालीच थांबू लागली. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात एक होडी कलंडून पडली होती आणि तांडेल विडी ओढत पाण्याची वाट पाहत बसला होता.