पोटाला हात लावण्याआधी

१९५४ साली इंदिराबाई हळबे यांनी देवरुखला दोन खाटांचं प्रसूतिगृह काढलं. पुढे ते मातृमंदिर म्हणून आणि बाई ‘मावशी’ म्हणून साऱ्या संगमेश्वर तालुक्याला माहीत झाल्या. पण दारात पोट धरून येणारं प्रत्येक माणूस काही बाळंतपणासाठी येत नाही, हे खेड्यातल्या परिचारिकेला नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात समजतं. गेल्या सत्तर वर्षांचा मागोवा घेताना औषधं, यंत्रं, इमारती या सगळ्यांपेक्षा एकच प्रश्न सारखा समोर येतो. हे दुखणं सकाळपर्यंत थांबेल, की आत्ता पाठवायचं?

त्या काळी पोटदुखीचा पहिला निवाडा घरातच होई. ओवा, हिंग, गरम पाण्याची पिशवी. नाहीच उतरली तर बेंबी सरकली म्हणून ती बसवून घ्यायची. याला हसण्याची घाई करू नये. अपेंडिक्सची कळ सुरू होते ती बेंबीभोवतीच आणि काही तासांनी उजव्या ओटीपोटात उतरते. म्हणजे पहिल्या रात्री बेंबी चाचपणाऱ्या आजीची जागा चुकलेली नसे. तिने बेंबी बसवली, दुखणं तिथून हललं, तिचं नाव झालं! पुढे अपेंडिक्स फुटलं तर थोडा वेळ दुखणं खरंच उतरतं आणि घरातले निर्धास्त होतात. खरा घात एरंडेलाने होई. सुजलेल्या आतड्याला रेचक देणं म्हणजे ते फुटायला मदत करणंच.

घरचे उपाय थकले की डोली किंवा एसटी. रत्नागिरी नाहीतर चिपळूण, संगमेश्वरहून दोन्हीकडे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. साखरप्याच्या बाजूचे लोक आंबा घाट चढून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जात. शास्त्री आणि सोनवी भरून आल्या, संगमेश्वरच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, की हिशोब आणखी बिघडे. त्यात घरातला कर्ता मुलगा मुंबईला. त्याचा निरोप आल्याशिवाय म्हाताऱ्याला हलवायचं कुणी, हा तिढा फोन आल्यावरही सुटला नाही, फक्त लवकर सुरू होऊ लागला.

१९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर प्रसाविकेची बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली आणि डोंगराळ भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र हे प्रमाण ठरलं. तिच्या पिशवीत लसी, लोहाच्या गोळ्या, तापमापी. पोटदुखीसाठी मुख्य साधन म्हणजे डोळे. माणूस गडाबडा लोळतोय की निपचित पडलाय? मुतखड्याचा रुग्ण एका जागी ठरत नाही. पोटात पू झालेला हलायलाच घाबरतो, गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला कळवळतो. (मुंबई-गोवा महामार्गाने ही तपासणी वर्षानुवर्षं फुकट करून दिली आहे.) मग प्रश्न. आधी दुखलं की आधी उलटी? उलटी-जुलाब आधी आणि कळ मागून असेल तर बहुधा खाण्यातलं. कळ आधी असेल तर सावध. वारा सरतोय का? लघवी कधी झाली? दुखतं ती जागा एका बोटाने दाखवता येते का? पोटाला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही दुखऱ्या जागेपासून लांब सुरू करून. स्टेथोस्कोप असेल तर दाबण्याआधी ऐकायचं. लहान मुलाला खोकायला किंवा उडी मारायला सांगायचं. आनंदाने उडी मारणाऱ्या पोरामागे लगेच गाडी धाडायची गरज सहसा नसते. म्हाताऱ्यांच्या धोतराची गाठ सोडून जांघ बघायची, कारण अडकलेला हर्निया लाजेपायी तसाच राहतो. आणि ‘गॅस झालाय’ म्हणत घामाघूम झालेल्या माणसाच्या पोटाइतकंच छातीकडे लक्ष द्यायचं.

सर्वांत अवघड प्रश्न पाळीचा. सासू शेजारी उभी असताना सुनेला, आई असताना लग्न न झालेल्या मुलीला तो विचारायचा म्हणजे आधी त्या सासूला किंवा आईला खोलीबाहेर काढायचं. गर्भ नळीत राहून नळी फुटली तर रक्तस्राव पोटातच होतो, बाहेर थेंबभरच दिसतो. पाळी चुकलेली, खांदा दुखतोय, चेहरा पांढरा, नाडी धावतेय, एवढं जुळलं की वाट बघायची नसते. हा प्रश्न पुरुष डॉक्टरांपेक्षा सिस्टरच्या तोंडून अधिक वेळा खरं उत्तर मिळवतो, आणि माझ्या मते तिच्या कामाचा हा भाग कुठल्याही यंत्राहून मोलाचा आहे.

दुसरी गोष्ट खास इथल्या मातीची. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो. ताप नाही, सूज नाही, चावल्याची खूण नाही. मण्यार रात्री हिंडते, तिचे दात बारीक, दंश झोपेत कळतही नाही. पहिली तक्रार कधीकधी पोटदुखीचीच असते. काही तासांत पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास अडखळतो. म्हणून इथे पोटदुखीच्या तपासणीत ‘रात्री कुठे झोपला होतास?’ हा प्रश्न बसतो. वर बघ, मान उचल, एका श्वासात आकडे मोज, हे सांगायला मिनिटही लागत नाही. लावणीच्या दिवसांत लाल डोळे आणि दुखऱ्या पोटऱ्या सोबत असतील तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार, तो वेगळाच.

परिचारिकांना जे शिकवलं गेलं त्यातलं एक मात्र मोडीत निघालं. झॅकरी कोप यांचं तीव्र पोटदुखीवरचं पुस्तक १९२१ चं. सर्जनने पोट बघेपर्यंत वेदनाशामक द्यायचं नाही, नाहीतर खुणा झाकल्या जातील, ही त्यातली शिस्त पुढे कित्येक दशकं टिकली. १९९० च्या दशकापासून झालेल्या चाचण्यांत दिसलं की दुखणं कमी केल्याने निदान बिघडत नाही. तरी जुनी सवय चिवट. संगमेश्वरहून रत्नागिरीपर्यंत तळमळत गेलेल्या किती जणांचा तो त्रास टाळता आला असता!

१९७२ मध्ये लीड्सच्या डी डोंबल यांनी पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर संगणक आजमावला. संगणकाचं निदान ९१.८ टक्के बरोबर आलं, वरिष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के. बोलबाला संगणकाचा झाला. पण पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की ठरलेल्या प्रश्नांचा कागद नीट भरला की डॉक्टरांचं स्वतःचं निदानही सुधारतं. आपल्याकडे उचलण्याजोगी गोष्ट होती ती हीच, आणि तिला वीजही लागत नव्हती.

२०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली, डोलीचा बराच भार उतरला. २०१८ नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी येऊ लागले, त्यात नर्सिंगच्या पदवीधरही आहेत. २०२३ मध्ये रत्नागिरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. रस्त्यावरचा वेळ तरीही उरतोच, आणि त्या वेळात रुग्णासोबत जाते ती चिठ्ठी. ‘पोटदुखी, पुढील उपचारासाठी’ एवढ्याच मजकुराची चिठ्ठी पुढच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. रात्री दहाला नाडी ८८, साडेअकराला ११६. कळ बेंबीतून उजवीकडे. शेवटचं खाणं सातला. पाळी दीड महिना नाही. दिलेलं औषध आणि त्याची वेळ. नाडीचे असे दोन आकडे वेळेसकट लिहिलेले असले की रुग्ण कुठल्या दिशेने चाललाय ते सोनोग्राफीच्या रांगेत बसण्याआधीच कळतं.