या ताऱ्याचं ‘स्टेटस’ काय?

सिंगल आहे की कुणासोबत, हा प्रश्न फक्त कॉलेजच्या कट्ट्यावरच पडतो असं थोडंच आहे? आकाशातल्या एका ताऱ्याबाबतही तो पडला आणि उत्तराची खात्री व्हायला तब्बल १५ वर्षं लागली!

गोष्ट १९७९ची. हंस आणि गरुड यांच्या मधल्या जंबूक तारकासमूहात जपानच्या कुवानो आणि होंडा या हौशी आकाशनिरीक्षकांना नवव्या प्रतीचा एक ‘नवा’ तारा दिसला. आज त्याला ‘पीयू व्हल्पेक्युली’ म्हणतात. पहिला अंदाज होता, नोव्हा असणार. नोव्हा म्हणजे नव्याने जन्मलेला तारा नव्हे बरं का! श्वेत बटू, म्हणजे आयुष्य सरलेल्या ताऱ्याचा गाभा, शेजारच्या ताऱ्याकडून वायू ओढून घेतो. तो साठत गेला की पृष्ठभागावर अणुभट्टी पेटते आणि तारा एकाएकी झळकतो.

पण नेहमीचा नोव्हा काही दिवसांत, फार तर महिन्यांत उतरणीला लागतो. या गड्याचं तंत्रच वेगळं. १९८०मध्ये तो घसरून तेराव्या प्रतीच्याही खाली गेला. संपला म्हणावं, तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यासारखा! मध्ये धूळ आली? ताराच आकुंचन पावला? की कुणी आडवं आलं?

धागा सापडला तो या मंद काळातच. तेव्हाच्या वर्णपटात तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे हा सहजीवी तारा असावा: श्वेत बटू आणि राक्षसी तारा यांची जोडी. राक्षसी तारा पुढ्यात आला की श्वेत बटूला ग्रहण. नेहमीच्या नोव्हातली जोडी काही तासांत एकमेकांभोवती फेरी मारते; इथे मात्र एकेका फेरीला वर्षं लागणार होती.

एका ग्रहणावरून पक्कं कसं सांगणार? वाट बघायची! १९९३-९४मध्ये तारा पुन्हा मंदावला. हिशेब जुळला: एक फेरी सुमारे १३.४ वर्षांची. शिक्का बसला, ‘सहजीवी नोव्हा’. २००७मध्ये तिसरं ग्रहणही ठरल्या वेळी लागलं. इतका काळ तो तेजस्वी कसा राहिला, याचंही उत्तर मिळालं. यातला श्वेत बटू वजनाने हलका आहे. त्यामुळे वायू जोरात उधळला गेला नाही, सावकाश जळत राहिला.

१९७९मध्ये विशीत असलेला निरीक्षक दुसऱ्या ग्रहणापर्यंत पस्तिशीला आला असेल. मधल्या काळात कुणी ना कुणी रात्री दुर्बिणीला डोळा लावून ताऱ्याची प्रत वहीत लिहीत राहिलं, म्हणून हे कोडं सुटलं.