कमी कापायचं, जास्त जगवायचं

५ एप्रिल १९३३. अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये सर्जन एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी पिट्सबर्गच्या एका डॉक्टरांची छाती उघडली. बेत डाव्या फुप्फुसाचा एक खंड काढण्याचा होता. आत पाहतात तो कॅन्सर पुढे सरकलेला! ग्रॅहमनी फुप्फुसाची मुख्य धमनी थोडा वेळ चिमट्यात धरली, रुग्ण तग धरतो का ते पाहिलं आणि अख्खं डावं फुप्फुस काढून टाकलं. एकाच बैठकीत एवढं करून कॅन्सरचा रुग्ण वाचल्याची ही पहिलीच वेळ. ते डॉक्टर एका फुप्फुसावर तब्बल ३० वर्षं जगले. सिगारेट आणि या कॅन्सरचं नातं दाखवणाऱ्या १९५० च्या गाजलेल्या अभ्यासात सहभागी असलेले ग्रॅहम स्वतः अट्टल सिगारेटवाले. १९५७ मध्ये ते याच कॅन्सरने गेले, आपल्या रुग्णाच्या आधी.

फुप्फुसाला आतून दुखणं कळत नाही, म्हणून गाठ बिनबोभाट वाढते. कमी किरणांचा लो-डोस सीटी स्कॅन मात्र काही मिलिमीटरचा ठिपकाही टिपतो. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक आजी-माजी सिगारेटवाल्यांवर झालेल्या चाचणीत, नुसत्या एक्स-रेच्या तुलनेत सीटीमुळे या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले.

गाठ लहान सापडली की कापणंही लहान होतं. फुप्फुसाच्या खंडात आणखी छोटे भाग असतात. प्रत्येकाला आपली श्वासनळी, आपली धमनी. पण वरून बघावं तर सीमा कुठेच दिसत नाही! मग सर्जन गाठीच्या भागाची धमनी बंद करतात आणि शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हा रंग सोडतात. खास कॅमेऱ्यात बाकीचं फुप्फुस चमकू लागतं, तेवढा भाग काळा राहतो. त्या काठाने कापायचं. जपानमध्ये २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींच्या ११०६ रुग्णांवर असं छोटा भाग काढणं पडताळलं गेलं. २०२२ च्या निकालात छोटा भाग काढलेले रुग्ण अख्खा खंड काढलेल्यांपेक्षा थोडे जास्तच जगले. त्याच जागी कॅन्सर उलटण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं.

आपल्याकडे घोडं अडतं ते टीबीपाशी. जुन्या टीबीचे व्रण सीटीवर गाठीसारखेच दिसतात, आणि कॅन्सर असून महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या घेणारेही भेटतात. म्हणून डॉक्टर सुईने तुकडा काढून तपासतात, किंवा काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून दोन्ही चित्रं शेजारी लावतात. जुना व्रण बहुधा होता तेवढाच असतो. कॅन्सर वाढलेला असतो.