भीमाशंकरची फिरंगी घंटा आणि जुन्या कागदांतील कालनिर्देश

१. प्रास्ताविक

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांचा मुलूख इतिहाससंशोधकांस नवा नाहीं. नाणेघाटांतील सातवाहनांचा शिलालेख, लेण्याद्रीचीं लेणीं आणि शिवनेरीचा किल्ला यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या मानानें भीमाशंकरच्या देवालयाच्या आवारांत, शनीच्या देवळाजवळ, दोन खांबांमध्यें टांगलेली फिरंगी घंटा उपेक्षित राहिली आहे. मंचर, घोडेगांव, डिंभें या वाटेनें डोंगर चढून येणारा यात्रेकरू ती पाहतो आणि दर्शनास जातो. स्थलवर्णनकारहि “चिमाजी आप्पांनीं वसईहून आणलेली घंटा” एवढ्या एका वाक्यांत तिची बोळवण करितात.

आमच्या मतें ही घंटा म्हणजे एक लेख आहे. तिच्यावर क्रूसाचें चिन्ह व सनाचे युरोपीय आंकडे आहेत. ज्या जातीच्या घंटेनें युरोपांतील जुनीं शहरें आपला दिवस मोजीत, त्या जातीची ही वस्तु घटी-पळांनीं काल मोजणाऱ्या मुलखांत येऊन राहिली. कालमापनाच्या या दोन पद्धति एकमेकींशेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे जुन्या कागदांतील दिवस व वेळ कशी वाचावी, याचाहि उलगडा होतो. म्हणून प्रथम घंटेचा, मग दोन्ही पद्धतींचा आणि शेवटीं कागदांचा विचार येथें केला आहे.

२. घंटा आणि तिचा सन

गुजराथच्या बहादुरशहाकडून इ. स. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली व पुढें दोनशें वर्षें त्यांच्याकडे राहिली. कोटाच्या आंत त्यांनीं अनेक चर्च व मठ बांधिले. त्यांपैकीं सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा व त्यांतील वर्तुळाकार जिना आजहि पाहावयास मिळतो. इ. स. १७३७ त साष्टी व ठाणें, आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसई मराठ्यांच्या हातीं आली. या मोहिमेंत मिळालेल्या घंटा देवस्थानांस अर्पण झाल्या, अशी परंपरा आहे. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर तशीच एक आहे, आणि नाशिकची “नारोशंकराची घंटा” तर मोठ्या आवाजाच्या माणसाची उपमा म्हणून लोकांच्या तोंडीं बसली आहे.

भीमाशंकरच्या घंटेविषयीं छापील वर्णनांतून दोन गोष्टी निष्काळजीपणानें फिरत आहेत. पहिली, ती “लोखंडी” असल्याची. अठराव्या शतकांत युरोपीय चर्चच्या मोठ्या घंटा कांशाच्या ओतीत. तांब्याचे सुमारें चार भाग व कथिलाचा एक, असें त्यांचें सामान्य प्रमाण असे. लोखंडानें तसा दीर्घ व गोल नाद निघत नाहीं. काळपट रंग व वरचा तेलकट थर पाहून कोणीं तरी “लोखंडी” म्हटलें असावें आणि पुढच्यांनीं तें उतरून घेतलें असावें.

दुसरी गोष्ट सनाची. कांहीं पुस्तकांत १७२१ तर कांहींत १७२९ असें छापलेलें आढळतें. शेवटच्या एका आंकड्याचाच हा वाद आहे. दोन्ही सन १७३९ च्या पूर्वींचे असल्यानें वसईच्या परंपरेस कोणत्याहि वाचनानें बाध येत नाहीं. परंतु ओतणाराचा किंवा चर्चचा शोध पोर्तुगीज दप्तरांतून घ्यावयाचा झाल्यास आठ वर्षांचें अंतर लहान नव्हे. शिवाय असा सन सामान्यतः घंटा ओतल्याचा असतो. चर्च बांधल्याचा किंवा घंटा अर्पण केल्याचा नसतो. फुटलेली घंटा वितळवून पुन्हां ओतण्याची चाल युरोपांत सर्वत्र होती. तेव्हां जुन्या चर्चची घंटा नव्या सनाची असणें यांत कांहींच विसंगति नाहीं.

३. युरोपांतील मनोरा : घंटा आधीं, तबकडी मागाहून

युरोपांतील एखाद्या जुन्या शहरांत गेलेला प्रवासी चौकांतील मनोऱ्यावरच्या घड्याळाची तबकडी मान वर करून पाहतो, आणि तबकडी म्हणजेच घड्याळ असें समजतो. इतिहास उलट आहे. इंग्लंडांतील सॉल्झबरीच्या चर्चमध्यें इ. स. १३८६ च्या सुमाराचें म्हणून दाखविलें जाणारें यंत्र आहे, त्यास तबकडीच नाहीं. नेमल्या वेळीं घंटेवर ठोके देणें हेंच त्याचें काम. वजनांच्या ओढीनें चाक फिरावयाचें, त्यास दांत्यांची अटक एकेक दांत सोडावयाची, आणि तास भरला कीं दुसरी चक्रमाला सुटून हातोडा उचलावयाचा, अशी ती रचना. प्राग शहरच्या प्रसिद्ध यंत्रांत इ. स. १४१० त सूर्यचंद्रांच्या गति दाखविण्याची सोय झाली. स्वित्झर्लंडांतील बर्न येथील मनोऱ्याचें तर नांवच “कालघंटा” या अर्थाचें आहे. इंग्रजी “क्लॉक” हा शब्दहि घंटावाचक मध्ययुगीन लॅटिन “क्लोक्का” या शब्दाच्याच कुळांतला. सारांश, तेथें काल आधीं ऐकिला गेला व मग पाहिला गेला.

यावरून घंटा तपासणारास एक खूण मिळते. प्रार्थनेसाठीं वाजणारी घंटा दोरानें हालवीत व तिचा लोलक आंतून काठावर आदळे. घड्याळाचा हातोडा मात्र बाहेरून पडे. म्हणून आंतल्या काठावरील झीज ही लोलकाची, आणि बाहेरच्या काठावर एकाच जागीं पडलेला खळगा ही हातोड्याची निशाणी. मात्र देवळांत आल्यानंतरहि घंटेवर शेंकडों वर्षें हात चालले आहेत, हें विसरून चालणार नाहीं. केवळ झीज पाहून “ही घड्याळाची घंटा” असें विधान करूं नये. इतर पुराव्याच्या जोडीस ती घ्यावी.

४. आमची घटिका

आमच्याकडील परंपरा याहून पुष्कळ जुनी व मुळांत निराळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत भांड्याच्या छिद्रांतून पाणी गळण्यावरून नालिकेचें मान ठरविलें आहे. सूर्यसिद्धान्तांत याच्या उलट रचना येते : तळाशीं छिद्र असलेलें तांब्याचें पात्र स्वच्छ पाण्याच्या कुंडांत ठेवावयाचें, आणि तें अहोरात्रांत साठ वेळां बुडावयाचें. एका बुडण्यास लागणारा काल ती घटी. सहा प्राणांचें एक पळ, साठ पळांची एक घटी, साठ घटींचें अहोरात्र. आजच्या मानानें घटी म्हणजे चोवीस मिनिटें व पळ म्हणजे चोवीस सेकंद.

पात्र बुडालें हें जवळ बसलेल्यासच कळणार. तें गांवास कळविण्यासाठीं कांशाची जाड थाळी टांगून तीवर टोले देत. हिंदुस्थानांतील नगरांत यासाठीं नेमलेले “घडियाळी” व त्यांची आठ प्रहर-साठ घटींची रीत यांचें वर्णन बाबरानें आपल्या आत्मवृत्तांत केलें आहे. घटींचे टोले ऐकून प्रहर कोणता हें रात्रीं जागा झालेल्या मनुष्यास कळत नसे. म्हणून घटींमागोमाग प्रहराचेहि टोले द्यावे, अशी सुधारणा आपण करविली, असें तो लिहितो.

आतां शब्द पाहा. “घटी” म्हणजे पात्र, त्यावरून काल, आणि “घड्याळ” हें टोल्याच्या थाळीचें नांव चाकांच्या यंत्रास लागलें. “तास” हा मूळचा फारसी शब्द भांड्याचा. मराठींत तो टोल्याच्या थाळीस लागला व तीवरून साठ मिनिटांच्या कालास. युरोपांत घंटेचें नांव यंत्रास मिळालें, आमच्याकडे थाळीचें नांव कालास मिळालें. दोहोंकडे नादानेंच कालास नांव दिलें. लग्नांत जोशी घटिकापात्रावर नजर ठेवून बसे, ती चाल वृद्धांच्या आठवणींत आहे. आणि “घटका भरली” हा वाक्प्रचार तर त्या बुडणाऱ्या पात्राचाच आहे.

५. कागदांतील दिवस व वेळ

संग्राहकांस या विवेचनाचा उपयोग कोठें, तें आतां सांगतों.

वसई पडल्याचा दिवस घ्या. पोर्तुगालनें ग्रेगोरियन पंचांग इ. स. १५८२ तच स्वीकारिलें. इंग्रजांनीं तें १७५२ च्या सप्टेंबरांत स्वीकारिलें. त्यामुळें वसईच्या कोटांतील पोर्तुगीज ज्या दिवसास १६ मे १७३९ म्हणत, त्याच दिवसास मुंबईचे इंग्रज ५ मे म्हणत. मध्यें एक खाडी, पण तारखांत अकरा दिवसांचें अंतर. मराठी कागदांत तोच दिवस शके १६६१ च्या वैशाखांत, सुहूर सन तिसा सलासीन मया व अलफ म्हणजे ११३९ मध्यें, आणि राज्याभिषेक शक ६५ मध्यें पडतो. शक चैत्रांत बदलला, पण सुहूर सन मृग लागेपर्यंत व राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपर्यंत बदलत नाहीं, हें ध्यानांत न ठेविल्यास एका वर्षाची चूक सहज होते. या साऱ्या गोंधळांत एक गोष्ट मात्र कोणत्याहि पंचांगानें मोडली नाहीं, ती वार. १६ मे नव्या गणनेनें व ५ मे जुन्या गणनेनें, दोन्ही शनिवारच येतात. म्हणून कागदांत वार असेल तर मिति ताडण्यास प्रथम त्याचाच आधार घ्यावा.

याचें दुसरें उदाहरण जुन्नरचेंच आहे. शिवाजीमहाराजांचा शिवनेरीवरील जन्म बखरींच्या आधारें शके १५४९ च्या वैशाखांत मानीत. कारीच्या जेध्यांची शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ त प्रसिद्ध केली, आणि तींत शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, अशी मिति नक्षत्र व घटी-पळांसह निघाली. ही आज १९ फेब्रुवारी १६३० म्हणून सर्वतोमुखीं आहे. परंतु ती तारीख ज्यूलियन गणनेची होय. ग्रेगोरियन गणनेनें तोच शुक्रवार १ मार्च १६३० येतो. सतराव्या शतकांत दोहोंतील अंतर दहा दिवसांचें, १७०० च्या फेब्रुवारीनंतर अकरा दिवसांचें. कोणती गणना वापरली हें तारखेशेजारीं लिहिण्याची संवय संशोधकानें लावून घ्यावी.

दिवसाचा आरंभहि तीन प्रकारचा. आमचा वार सूर्योदयीं लागतो, युरोपीय तारीख मध्यरात्रीं, आणि पत्रांत “छ” या अक्षरानें येणारी मुसलमानी चंद्राची तारीख सूर्यास्तीं. “शनिवारीं चार घटका रात्र उरली असतां” हल्ला झाला, असें पत्रांत असेल तर तो सूर्योदयापूर्वीं एक तास छत्तीस मिनिटें झाला. मराठी वार शनिवार खरा, पण युरोपीय लेखांत तो रविवारीं मिळेल. दोन कागदांत विरोध आहे असें ठरविण्यापूर्वीं हें ताडून पाहावें.

वेळेचा हिशेब सोपा आहे. अडीच घटी म्हणजे एक तास. “दिवस आठ घटका आला असतां” म्हणजे सूर्योदयानंतर तीन तास बारा मिनिटें. सूर्योदय सहा वाजतां धरल्यास नऊ वाजून बारा मिनिटें. घटी सदैव सारखी; प्रहर मात्र दिनमानाचा चौथा भाग म्हणून घेतल्यास ऋतूप्रमाणें लांबतो व आखडतो. जुन्नरास मोठ्यांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा व लहानांत लहान सुमारें अकरा तासांचा. म्हणून ज्येष्ठांतला दिवसाचा प्रहर सव्वातीन तासांच्या वर जातो, तर मार्गशीर्ष-पौषांतला पावणेतीन तासांवर येतो. सरसकट “प्रहर म्हणजे तीन तास” धरून लढाईच्या घडामोडी मिनिटांवर मांडणें धोक्याचें. तसेंच सध्यांच्या पंचांगांतील सूर्योदय हिंदी प्रमाणवेळेचा असतो. जुन्नरची स्थानिक मध्यमवेळ तिच्या मागें सुमारें साडेचौतीस मिनिटें आहे. जुन्या स्थानिक वेळेशीं तुलना करितांना तेवढें वजा करावें.

६. विनंति

आतां मूळ घंटेकडे वळूं. तिच्या सनाचा वाद पुस्तकें चाळून मिटणार नाहीं. तो घंटेजवळच मिटेल. देवस्थानची रीतसर परवानगी घेऊन, उन्हें तिरपीं असतांना सकाळीं किंवा सायंकाळीं छायाचित्रें घ्यावीं, म्हणजे उठावाच्या आंकड्यांची सावली पडून ते वाचतां येतील. मऊ कागदावर ठसा घ्यावा. तोंडाचा व्यास, उंची, काठाची जाडी व आंतबाहेरची झीज यांची नोंद करावी. चिंचेनें, आम्लानें किंवा तारेच्या कुंच्यानें घंटा घासूं नये. धातूवरील थर गेला कीं त्याबरोबर अक्षरांचे कांठहि जातात, आणि ते परत येत नाहींत. तेलरंगाचा हात देण्याचीहि कोणास बुद्धि होऊं नये. मेणवली व नाशिक येथील घंटांचीं मापें याच पद्धतीनें जमलीं, तर तिहींची तुलना करून त्या एकाच ओतशाळेच्या आहेत कीं काय, हें ठरविण्यास साधन होईल.

ज्यांनीं ही घंटा डोंगरावर चढविली त्यांनीं तिच्यावरचा क्रूस खरवडून काढिला नाहीं, कीं सनाचे आंकडे पुसले नाहींत. जें त्यांनीं तसेंच राखिलें तें आमच्या हयगयीनें झिजूं नये, एवढीच सभासदांस विनंति. ज्यांच्या संग्रहीं वसईच्या मोहिमेचे किंवा भीमाशंकरच्या देवस्थानचे कागद असतील, त्यांनीं त्यांतील घंटेचा उल्लेख मिति, वार व घटी जशीच्या तशी उतरून मंडळाकडे पाठवावा.