फोटोतले मालवण आणि दारातले मालवण

मुंबई-पुण्याचा, कोल्हापूर-बेळगावचा पर्यटक सुट्टीचा बेत करतो तेव्हा हल्ली तो आधी कोणाला विचारत नाही. मोबाईल उघडतो, इन्स्टाग्रामवर 'तारकर्ली' किंवा 'देवबाग' लिहितो आणि फोटो बघत बसतो. आवडलेल्या दोन-चार फोटोंवरूनच त्याची खोली ठरते, जेवण ठरते, बोटही ठरते. त्या फोटोंत आपले घर आहे काय? आणि असेल तर ते आपण टाकले आहे की मधल्या कोणी एजंटाने? या प्रश्नाचा विचार किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने करावा अशी वेळ आली आहे.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. पण कुडाळ स्टेशनावर उतरलेला पाहुणा कोणाच्या दारी जाणार, हे सरकार ठरवत नाही. पूर्वी ते ओळखीवर किंवा दलालावर ठरायचे आणि दलाल आपला वाटा काढून घ्यायचा. इन्स्टाग्रामवर खाते उघडायला पैसे पडत नाहीत. जुलै २०२० मध्ये भारतात तेथे 'रील' म्हणजे छोटे व्हिडिओ सुरू झाले. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसांनाही रील दाखवले जाते, त्यामुळे दोन खोल्यांच्या घरालाही मोठ्या हॉटेलाच्या शेजारी उभे राहता येते.

समुद्र सगळ्यांचा, खळे तुमचे

बहुतेक जण समुद्र आणि मावळता सूर्य टाकतात. चूक नाही, पण तारकर्लीचा सूर्यास्त आणि गोव्याचा सूर्यास्त फोटोत सारखाच दिसतो. पाहुण्याने तुमच्याच घरी का यावे, हे त्यातून कळत नाही. तव्यावरून निघणारे घावणे, कोकमाच्या आगळाची सोलकढी, खळ्यात वाळत घातलेली सोलां, पहाटेची रापण, माडाखाली मांडलेले ताट हे दाखवा. रोजचे काम आहे, त्यात काय बघायचे, असे आपल्याला वाटते. शहरातला माणूस तेच बघायला येतो. मात्र रापणकरांचा किंवा शेजाऱ्यांचा फोटो काढताना आधी विचारा. पाहुण्यांच्या मुलाबाळांचे फोटो तर न विचारता मुळीच टाकू नका.

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाईलची काच फडक्याने पुसा. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतरच्या उन्हात फोटो काढा. रीलसाठी मोबाईल उभा धरा. जागेच्या रकान्यात गावाचे नाव न चुकता भरा. खाली मराठीत आणि इंग्रजीत दोन-दोन ओळी लिहा: खोल्या किती, समुद्र किती पावलांवर, दर काय, शाकाहारी जेवण मिळते काय, फोन नंबर कोणता. दर लपवला की गिऱ्हाईक पुढे जाते. चौकशीला त्याच दिवशी उत्तर जाईल, यासाठी घरातल्या एकाकडे हे काम सोपवा. खात्याचा पासवर्ड मात्र घरातच राहू द्या. भाच्याच्या मित्राने खाते उघडून दिले आणि तो मित्र पुण्याला निघून गेला, की खातेही त्याच्याबरोबर गेले समजा.

आंब्याची पेटीही अशीच विकता येते

बागायतदारांनाही हे लागू आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. तरीही बाजारात परराज्यातला आंबा हापूस म्हणून खपवला जातो. गिऱ्हाइकाला खात्री हवी असते. मोहोर आल्यापासून फळधारणा, काढणी, पेंढ्यातली आढी, पेटी भरणे असे टप्प्याटप्प्याने आपल्या बागेतून दाखवत गेलात, तर हा आंबा कोणाच्या झाडाचा, हे त्याला पटते. मानांकनाचे चिन्ह मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्यावरच लावता येते. तसेच यंदा पीक कमी किंवा उशिरा असेल तर तेही आधीच सांगून टाका. आगाऊ पैसे घेऊन पेटी न पोचण्यापेक्षा ते बरे.

खोटा फोटो महाग पडतो

रंग भडक केलेला समुद्र, शेजाऱ्याची खोली आपली म्हणून दाखवणे, रस्त्यापलीकडच्या घराला 'समुद्राला लागून' म्हणणे, यातून गिऱ्हाईक एकदा येते. पण दारात आल्यावर फसवणूक कळते आणि तोही मोबाईल घेऊनच आलेला असतो. त्याने टाकलेला फोटो आपल्याला पुसता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

बोटवाल्यांनी तर जास्तच जपावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट न घातलेल्या, बोटीच्या टोकावर उभ्या पाहुण्यांचे रील कितीही चालले तरी टाकू नये. ते बघून पुढचा पाहुणा तेच मागतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे आहे. प्रवाळ आणि समुद्री कासव यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळ हातात धरलेला फोटो ही आपली जाहिरात नव्हे, आपल्याविरुद्धचा पुरावा आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे

सरपंच व ग्रामसेवक मंडळींनो, एखादे रील गाजले की पुढच्या शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. मे महिन्यात विहिरींचे पाणी खाली गेलेले असते, तेव्हाच गर्दी सर्वांत जास्त असते. तेव्हा पार्किंग, शौचालय आणि कचरा यांची सोय मोसमाआधीच ठरवावी. गावाच्या नावाने एक खाते काढून त्यावर गावातील घरांची व खानावळींची खरी नावे आणि फोन नंबर द्यावेत. बनावट पान काढून आगाऊ रक्कम उकळणारे भामटे असतात. अशा यादीने पाहुण्याला खरे-खोटे ताडून बघता येते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. तसेच, पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत आणि २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करण्यास, व खानावळींनी अन्न सुरक्षा नोंदणी घेण्यास, गावकऱ्यांना मदत करावी.

पावसाळ्यात जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात. तो काळ वाया घालवू नका. हिरवी शेते, लावणी, भरलेले व्हाळ यांचे फोटो तेव्हाच मिळतात. होड्या बंद आहेत हेही सोबत स्पष्ट लिहा. बंद असलेले बंद म्हणून सांगणाऱ्यावर गिऱ्हाईक दिवाळीत विश्वास ठेवते. 'येवा, कोकण आपलोच आसा' असे आपण म्हणतो. ज्याला बोलावले त्याला फोटोत दाखवलेलेच ताट वाढा, म्हणजे पुढच्या वर्षी तो फोटो न बघता येईल.